कासराभर दिवस आणि आठ वाजून चाळीस मिनिटं

परभणी जिल्ह्यातल्या माणसाला वेळ विचारू नये. तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा असेल आणि विचारणारा वकील असेल, तर मुळीच विचारू नये. पण आमचा धंदाच तिथून सुरू होतो, त्याला इलाज नाही.

"घटना किती वाजता घडली?"

"दिवस कासराभर वर आला होता."

न्यायाधीश साहेब कोकणातून बदलून आलेले. आकाशातलं अंतर बैलाच्या दोरानं मोजतात, हे त्यांना नवीन. टायपिस्टची बोटं अधांतरी थांबली.

"घड्याळात किती वाजले होते?"

"घड्याळ घरी होतं."

"बरं, घरच्या घड्याळात किती वाजले असतील?"

"ते बंद हाय."

शेवटी साहेबांनीच विचारलं, "साडेआठ-नऊच्या सुमारास लिहायचं का?" साक्षीदार मामा प्रसन्न झाले. "लिहा की. तुमी लिहिताल ते खोटं थोडंच राहील?"

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. पण माझ्या हातात त्याच मामांचा पोलिसांपुढचा जबाब होता आणि त्यात लिहिलं होतं, 'सकाळी ०८.४० वाजेच्या सुमारास'. आठ-पस्तीस नाही, पावणेनऊ नाही, ०८.४०. मागचं शून्यसुद्धा पुढच्या शून्याला साक्ष. हा जबाब ज्या मराठीत असतो, ती मराठी जिल्ह्याच्या नऊही तालुक्यांत कुणी बोलत नाही. 'मी वरील ठिकाणी राहण्यास असून शेती करून कुटुंबाचा उदरनिर्वाह भागवतो. सदर इसमाने हातातील काठीने मारहाण करून घटनास्थळावरून पळ काढला.' उलटतपासणीत मी एका साक्षीदाराला विचारलं होतं, "हा सदर इसम म्हणजे कोण?" त्यानं बराच विचार केला आणि म्हणाला, "आमच्या गावात सदर आडनावाचं कुणी नाय."

बरं, या जबाबावर सही नसते. घ्यायचीच नाही, असा कायदा आहे. तो जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होता आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. रेशनच्या दुकानात अंगठा, गॅसच्या पावतीवर सही, सोसायटीच्या कर्जाला तर सह्यांची मालिका. पण माणूस कुणी मारला हे सांगताना सही नको. त्यामुळे जबाब दाखवला की साक्षीदार सगळ्या जिल्ह्याला तोंडपाठ असलेलं वाक्य म्हणतो: "असं मी सांगितलं नव्हतं. पोलिसांनी असं का लिहिलं, याचं कारण मला सांगता येणार नाही." गीतेचा पंधरावा अध्याय अडखळत म्हणणारे लोक हे वाक्य एका दमात म्हणतात.

साक्षीदाराची स्मरणशक्ती फोटो काढून ठेवत नाही आणि वेळेच्या बाबतीत माणसं अंदाजानंच बोलतात, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८३ साली गुजरातच्या एका खटल्यात सांगून ठेवलं आहे. सरकारी वकील तो निकाल रोज दाखवतात. आम्ही आरोपीचे वकील रोज तो ऐकतो आणि रोज पुन्हा विचारतो, "पण आठ-चाळीस कुठून आले?"

उलटतपासणीचा दुसरा भाग म्हणजे सूचना. आरोपीचं जे म्हणणं असेल ते साक्षीदाराच्या तोंडावर घालायचं आणि त्याच्याकडून नाकारून घ्यायचं. साधं काम आहे, पण आमच्या पूर्वसुरींनी त्यासाठी अशी वाक्यरचना घडवून ठेवली आहे की बोलणाऱ्याचाही तोल जावा. "हे म्हणणं खरं नाही का, की त्या दिवशी तुम्ही गावात नव्हता आणि असं काही घडलंच नाही, आणि आरोपी निर्दोष नाही असं तुम्ही खोटं सांगत नाही, असं नाही?" साक्षीदार आधी माझ्याकडे बघतो, मग साहेबांकडे, मग दारातल्या शिपायाकडे.

"व्हय."

"व्हय म्हणजे खरं नाही?"

"नाय."

"नाय म्हणजे खरं आहे?"

"तुमी काय विचारायलात ते तुमालाच ठावं. मारलं ते मारलं."

साहेब शांतपणे लिहून घेतात, 'हे म्हणणे खरे नाही की...' आणि पुढचं सगळं. अपिलात औरंगाबाद खंडपीठात ते वाक्य कुणी वाचलंच, तर त्याच्या बाजूनं देव उभा राहो.

उलटतपासणीचा एक सोन्यासारखा नियम प्रत्येक ज्युनिअरला पहिल्याच आठवड्यात सांगितला जातो: एक प्रश्न कमी विचारा, जास्तीचा विचारू नका. आमच्या बारमधल्या एका वकिलानं चोरीच्या खटल्यात साक्षीदाराकडून कबूल करून घेतलं की रात्र अवसेची होती, लाइट गेलेली होती, ज्वारी पुरुषभर वाढलेली होती. खाली बसायला हरकत नव्हती. पण बाकावर ज्युनिअर मंडळी कौतुकानं बघत होती. त्यानं काळा कोट सावरला आणि विचारलं, "मग एवढ्या अंधारात तुम्ही आरोपीला ओळखलं कसं?"

"त्यानं बॅटरी सोताच्याच तोंडावर मारली अन् म्हणला, बघ, मी कोण हाय. काय करायचं ते करून घे."

त्या वकिलाचं नाव मी सांगणार नाही. मात्र तो वकील आणि प्रस्तुत लेखक एकच नाहीत, हे म्हणणं खरं नाही.

आमच्या युक्तिवादाचीही थोडी कीर्ती गायला हवी. एकदा सकाळच्या सत्रात मी तळमळीनं सांगितलं की चार साक्षीदारांनी चार वेगळ्या गोष्टी सांगितल्या. एक म्हणतो काठी, दुसरा म्हणतो पाइप, तेव्हा हे सगळे खोटे आहेत. जेवणाच्या सुट्टीनंतर दुसरा खटला निघाला. त्यातल्या चारही साक्षीदारांनी एकच गोष्ट सांगितली होती. मी तितक्याच तळमळीनं म्हणालो की शब्दाला शब्द जुळतो, तेव्हा हे पढवलेले आहेत. साहेब दोन्ही वेळा तेच होते. दुपारी त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. कशासाठी पाहिलं ते मी विचारलं नाही. वर सांगितलेला नियम तेव्हा आठवला.

तरी आमचं बरं आहे, आम्ही निदान एका दिवसात दोन बाजू घेतो. फितूर साक्षीदार एका वाक्यात घेतो. त्याला दोष देववत नाही. मारामारी झाली तेव्हा दोन घरांत वैर होतं. खटला उभा राहीपर्यंत बांध मोजून झालेला असतो, मध्यस्थांची जेवणं झालेली असतात आणि आरोपीच्या चुलतभावाची मुलगी साक्षीदाराच्या पुतण्याला देऊन तिच्या पहिल्या लेकराचं बारसंही उरकलेलं असतं. तारखेला आरोपी आणि साक्षीदार एकाच काळीपिवळीतून उतरतात. चहाचे पैसे आरोपी देतो. मग पुकारा होतो.

"आरोपीला ओळखता का?"

"ओळखतो की. व्याही हैत आमचे."

"त्या दिवशी तुम्हाला कुणी मारलं?"

"दिसलं नाय. अंधार होता."

"अहो, दुपारी बाराची घटना आहे!"

"मंग डोळ्यावर ऊन आलं आसंल."

सरकारी वकील उभे राहून साक्षीदाराला फितूर घोषित करायची परवानगी मागतात. आपल्याच साक्षीदाराची उलटतपासणी घेण्याचा तो प्रसंग. फितूर झाला म्हणून त्याची सगळी साक्ष वाया जात नाही, विश्वास ठेवण्याजोगा भाग कोर्टाला घेता येतो, पण ते व्याह्यांना कोण समजावणार? ते बाहेर येऊन मलाच धरतात. "वकीलसाहेब, मला फितूर म्हणले हो समद्यांसमोर. म्या तर कुणाचंच वाईट बोललो नाय!" आणि मग हळूच, "भत्ता कोणत्या खिडकीला मिळतो?"

माणसं बोलतात म्हणून अडचण होत असेल, तर मुद्देमाल तरी मुका असतो, असं नव्या वकिलांना वाटतं. खुनाच्या प्रयत्नाच्या एका खटल्यात लाखेचं सील लावलेलं पुडकं कोर्टात आलं. चिठ्ठीवर 'एक लोखंडी कुऱ्हाड, लाकडी दांड्यासह, त्यावर रक्तासारखे डाग'. कारकुनानं कात्री चालवली. आतून एक पातं निघालं आणि मूठभर भुसा. दांडा वाळवीनं तपास पूर्ण होण्याआधीच निकाली काढला होता. पंचाला विचारलं, "हीच का ती कुऱ्हाड?" पंच सुतारकाम करणारा, प्रामाणिक माणूस. म्हणाला, "दांडा असता तर सांगितलं असतं. पातं काय, समद्या गावाचं एकाच लोहाराकडचं."

हे ऐकून हसू नका. २०२२ साली उत्तर प्रदेशात मथुरा पोलिसांनी कोर्टाला कळवलं होतं की जप्त केलेला पाचशे किलोंहून जास्त गांजा उंदरांनी खाल्ला. आमच्याकडचे उंदीर त्या मानानं निर्व्यसनी. ते फक्त कागद खातात, आणि तोही नेमका सहीच्या बाजूनं.

जिवंत मुद्देमालाची तऱ्हा आणखी वेगळी. चोरीची शेळी मालकाला सुपुर्दनाम्यावर परत देतात. अट अशी की कोर्ट बोलावेल तेव्हा हजर करायची. कोर्ट शेळीच्या आयुष्यमानाचा विचार करून तारखा देत नाही. एका म्हातारीनं शेवटी बोलावणं आल्यावर शेळी आणली, शिपायानं ती बाहेर कडुनिंबाला बांधली.

"आजी, चोरीला गेलेली शेळी हीच का?"

"तिची नात हाय बाबा. पण तोंडावळा तोच."

वस्तू जागेवर सापडण्याचं एक स्वतंत्र शास्त्र आहे. पोलीस कोठडीत दोन दिवस काढल्यावर आरोपीला एकाएकी खरं बोलायची ऊर्मी येते. तो दोन पंचांसमोर, 'स्वखुशीने, कोणत्याही दबावाविना' म्हणतो की चला, काठी कुठं लपवली ते दाखवतो. पोलिसांपुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नाही, फक्त तिच्यामुळे जे सापडलं तेवढंच धरायचं, हे प्रिव्ही कौन्सिलनं १९४६ सालीच पुलुकुरी कोट्टया खटल्यात बजावलं होतं. मी आजवर वाचलेल्या निवेदन पंचनाम्यांत काठी बहुधा कडब्याच्या गंजीतून निघते. आपल्याच घराजवळची, आपल्याच मालकीची गंज. गुन्हा करून माणूस कितीही लांब पळो, काठी मात्र घरी आणून व्यवस्थित ठेवतो.

दिवाणी बाजूला असला आरडाओरडा नाही, तिथं कागद बोलतात. पण कोणत्या भाषेत? आम्ही १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. कणगीच्या तळाशी, पत्र्याच्या पेटीत, लुगड्यात गुंडाळलेला कागद निघतो तो उर्दूत नाहीतर मोडीत. तीस वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून निघाला तर तो खरा मानायला कायदा तयार आहे. वाचायला मात्र कुणी तयार नाही. एका जमिनीच्या दाव्यात मी मौलवीसाहेबांकडून भाषांतर करून आणलेला कागद दाखल केला. साल १३४२. पुण्याहून आलेले समोरचे तरुण वकीलसाहेब ताडकन उठले. "कोर्टाच्या निदर्शनास आणतो, १३४२ साली देवगिरीचे यादव जाऊन पुरती पंचवीस वर्षं झाली होती. तेव्हा या गावाला सर्व्हे नंबर कुठून आला?" इतिहास त्यांचा पक्का होता. साल मात्र फसली सनाचं होतं. त्यात ५९० मिळवले की १९३२ येतं, हे सांगितल्यावर त्यांनी कॅल्क्युलेटर काढला. माझे पक्षकार मागून म्हणाले, "राहू द्या की साहेब, जितकं जुनं तितकं बरं."

जन्मतारखेचा पुरावा तर विचारूच नका. शाळेच्या दाखल्यावर विश्वास ठेवायचा तर एका विशिष्ट वयाच्या वरचा निम्मा जिल्हा १ जूनला जन्मला आहे. गुरुजींनी लेकराच्या उंचीकडे बघून साल ठरवलं आणि शाळाप्रवेशाच्या सोयीनं तारीख. माझ्याकडे आलेले तीन सख्खे भाऊ तिघंही १ जूनचे. त्यातल्या दोघांत सात महिन्यांचं अंतर पडायला नको म्हणून गुरुजींनी निदान सालं वेगळी लिहिली होती, हे उपकार. आईला विचारावं तर ती म्हणते, थोरला दुष्काळाचा, धाकटा भूकंपाचा. मला विचाराल तर आईचाच पुरावा जास्त पक्का. १९७२ आणि १९९३ मराठवाड्यात कुणी विसरत नाही. पण प्रमाणपत्र गुरुजींचं.

एवढं सगळं अंगवळणी पडत आलं होतं, तोच १ जुलै २०२४ उजाडला. १८७२ चा पुरावा कायदा गेला, भारतीय साक्ष्य अधिनियम आला. १६७ कलमं होती, १७० झाली. वाढली तीनच, पण उरलेल्या बऱ्याच जणांनी घरं बदलली. सगळ्या पानटपऱ्यांना माहीत असलेलं, गंजीतली काठी काढून देणारं 'सत्तावीस' आता तेविसात राहायला गेलं, व्हिडिओ-सीडीच्या पुराव्याचं 'पासष्ट-ब' त्रेसष्टला आलं. शिवाय जुने चालू खटले जुन्याच कायद्यानं चालणार, म्हणून बॅगेत दोन्ही पुस्तकं. आमच्या बाररूममधले एक ज्येष्ठ अण्णा म्हणाले, "माझं कलमं पाठ करायचं वय गेलं. मी आता बीपीचे आकडे पाठ करतोय."

पण नव्या जमान्याचा खरा पुरावा म्हणजे व्हिडिओ. गावात भांडण सुरू झालं की आता सोडवायला दोघं जातात आणि शूटिंगला वीस. पुरावा मुबलक. मात्र ज्यानं काढला तो म्हणतो मी पुढे पाठवून डिलीट केला. ज्याला पाठवला तो म्हणतो मोबाइल बदलला. आणि व्हिडिओ सगळ्यांच्या ग्रुपवर 'शुभ सकाळ'च्या दोन गुलाबांमध्ये सुखरूप. किराणा दुकानाच्या कॅमेऱ्याचं तोंड रस्त्याकडे असावं अशी पोलिसांची इच्छा, गल्ल्याकडे असावं अशी मालकाची. एका खटल्यात रस्ता दिसत होता, आरोपी दिसत होता, काठीही दिसत होती. कोपऱ्यात तारीख होती १ जानेवारी १९७०. आरोपीचा जन्म त्यानंतरचा. मी यापेक्षा पक्की अन्यत्रता, म्हणजे 'आरोपी तिथं नव्हताच' हा बचाव, आयुष्यात पाहिलेली नाही.

या बाबतीत शेजारच्या जालन्यानं मात्र देशाला कामाला लावलं. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत तिथं अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले आणि कैलास गोरंट्याल कोर्टात गेले. म्हणणं असं, की अर्ज भरायची मुदत दुपारी तीनची आणि खोतकरांचे अर्ज घेतले तीननंतर. निवडणूक कार्यालयात कॅमेरे चालू होते. म्हणजे दिवस किती कासरे उतरला होता, हे कुणाला विचारायची गरजच नाही! पण सीडीबरोबर पासष्ट-बचं प्रमाणपत्र हवं, आणि वारंवार मागूनही अधिकारी ते देईनात. औरंगाबाद खंडपीठानं २०१७ साली निवडणूक रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ जुलै २०२० ला तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की नक्कल दाखवायची तर प्रमाणपत्र हवंच. मात्र ज्यानं सगळे प्रयत्न केले आणि तरी ते मिळालं नाही, त्याच्याकडून कायदा अशक्य गोष्ट मागत नाही. तोवर २०१९ ची निवडणूक होऊन गोरंट्याल निवडूनही आले होते. दुपारचे तीन वाजले होते की नाही, यावर जवळजवळ सहा वर्षं गेली. पण आज देशातल्या कुठल्याही कोर्टात व्हिडिओ दाखवायचा तर जालन्याच्या त्या दुपारचा दाखला द्यावा लागतो. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणाऱ्या आम्हा लोकांना हे जरा लागलंच.

नव्या कायद्यात त्या प्रमाणपत्राचे दोन भाग झाले. भाग अ ज्याच्या ताब्यात यंत्र होतं त्यानं भरायचा, भाग ब तज्ज्ञानं, आणि त्यात हॅश व्हॅल्यू लिहायची. आमच्या माहितीतला तज्ज्ञ म्हणजे स्टेशन रोडला मोबाइल दुरुस्त करणारा पोरगा. त्याला फॉर्म दाखवला.

"सर, हॅश म्हंजे? डिस्प्ले बदलायचा का?"

आता पंचांबद्दल. झडतीला त्याच भागातले दोन स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी घ्यावेत, असं कायदा म्हणतो. एरवी आमच्या गल्लीत प्रतिष्ठेची वाण नाही. गणपतीच्या वर्गणीच्या पावतीवर नावाआधी 'प्रतिष्ठित व्यापारी' छापलं नाही म्हणून दोन वर्षं अबोला धरलेली माणसं इथं राहतात. तर गेल्या हिवाळ्यात समोरच्या बंद घराचं कुलूप तुटलं. चोरानं कटावणी तिथंच टाकली होती, ती जप्त करायला पोलीस आले. जमादारांनी गल्लीच्या तोंडाशी उभं राहून हाक दिली, "दोन प्रतिष्ठित माणसं पाहिजेत!"

अर्ध्या मिनिटात गल्ली प्रतिष्ठेपासून मुक्त झाली. सराफ म्हणाले, माझ्यावर पतसंस्थेची थकबाकी आहे, मी कसला प्रतिष्ठित? निवृत्त मुख्याध्यापकांनी स्वतःच्या डोळ्यांतल्या मोतीबिंदूची माहिती दिली. ज्या नगरसेवकांच्या वाढदिवसाचा फलक चौकात अजून फडफडत होता, त्यांनी मोठ्या मनानं सांगितलं की प्रतिष्ठेच्या बाबतीत मी डॉक्टरांना पुढे करतो. डॉक्टर मागच्या दारानं दवाखान्यात गेले होते. कारण नसताना पंच व्हायला नकार देणं हाही गुन्हा ठरू शकतो, हे त्यांच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं. ते मला माहीत होतं. म्हणून मी आवाज करत नव्हतो, फक्त गॅलरीतल्या वाळत घातलेल्या चादरीमागे उभा होतो.

"वकीलसाहेब, तुमी तरी या की खाली!"

मी चादरीआडूनच कायदेशीर मुद्दा मांडला. म्हणालो, "जमादारसाहेब, मी फौजदारी वकील. निम्मं गाव मला चोरांचा माणूस समजतं. मी स्वतंत्रही नाही आणि प्रतिष्ठित तर नाहीच नाही."

शेवटी दूधवाला आणि पेपर टाकणारा पोरगा असे दोन प्रतिष्ठित रहिवासी मिळाले. दोघंही पलीकडच्या गल्लीतले. पंचनामा झाला, सह्या झाल्या. पोलीस गेल्यावर माझी ज्युनिअर घाईघाईनं जिना चढून आली.

"सर, नव्या कायद्यानं जप्तीचं व्हिडिओ शूटिंग करावं लागतं. हाक मारल्यापासून जमादारांचा मोबाइल चालूच होता. तुमचं सगळं बोलणं त्यात आलंय. मॅजिस्ट्रेटसाहेबांकडे जाणार ते."

"चादर दिसते का त्यात?"

"चादर दिसते. आवाज तुमचा आहे."

आवाज माझ्यासारखा असू शकेल. पण प्रमाणपत्राचा भाग ब कुणी भरलाय ते पाहिल्याशिवाय मी काहीही मान्य करणार नाही.